एका दांडग्या फॉन्टचे अकरा महिने

मागच्या वर्षी जूनमध्ये मी फॉन्ट कसा करतात हे शोधत होते, तेव्हा दोनच प्रकारचं लिखाण सापडलं. एक 'दहा मिनिटांत स्वतःचा फॉन्ट' या थाटाचं. दुसरं या कामात मुरलेल्या लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेलं, ज्यातली निम्मी वाक्यं मला कळत नव्हती. मी मधली. पुस्तकांची पानं लावणं हा माझा व्यवसाय; अक्षरं वापरायची सवय आहे, काढायची नव्हती. माझ्यासारखं कुणी या वाटेला लागलं तर त्याला निदान पुढचा खड्डा कुठे आहे ते कळावं, म्हणून हे लिहून ठेवते.

सुरुवात एका शब्दकोशापासून झाली. मराठी-इंग्रजी कोश. प्रत्येक नोंदीत आधी देवनागरी शब्द, पुढे त्याचं रोमन रूप ठळक टाइपात, आणि मग अर्थ. रोमन रूप म्हणजे टिंबं-रेघांसकट: 'बाळ'मधल्या एलखाली टिंब, 'बाण'मधल्या एनखाली टिंब, दीर्घ स्वरावर आडवी रेघ. मजकुरासाठी निवडलेल्या सेरिफ फॉन्टमध्ये ही अक्षरं साध्या वजनात होती, ठळक वजनात नव्हती. संपादकांकडून आलेल्या फाइलमध्ये मात्र सगळं ठळक दिसत होतं. जवळून पाहिल्यावर उलगडा झाला. ठळक अक्षर उपलब्ध नसलं की बरेच प्रोग्रॅम साधंच अक्षर चहूबाजूंनी फुगवून देतात. खोटा बोल्ड. एलचं टिंब दांड्याला चिकटलेलं, स्मॉल ईचं पोट बुजलेलं, आणि सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाची ती छोटी पावलं, सुजल्यासारखी. 'बाळ'चं टिंब गेलं की तो 'बाल' होतो, आणि शब्दकोशात हे चालत नाही.

९ जूनचा रविवार होता. मला वाटलं, एवढं काय, मुक्त परवान्याचा एखादा फॉन्ट घ्यायचा, जाड करायचा, टिंबं सरकवायची. पंधरा दिवसांचं काम. ते संपलं पुढच्या वर्षीच्या २ मे रोजी.

पहिले तीन आठवडे मी नेमकं तेच केलं जे प्रोग्रॅम करत होता, फक्त हाताने. फाँटफोर्ज नावाचं मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि त्यात वजन वाढवायची आज्ञा देत बसले. जाडी तर येते. पण दांडा वाढतो तितकीच बारीक रेघही वाढते. पारंपरिक सेरिफ अक्षराचा सगळा जीव जाड आणि बारीक रेघांच्या फरकात असतो. दोन्ही सारखं खाऊन सुटल्या की तो फरक जातो आणि अक्षर थोराड, निर्विकार दिसायला लागतं. वर, काळं जेवढं वाढतं तेवढं आतलं पांढरं कमी होतं. एन रुंद करून ते भरून काढता येतं. ए, ई आणि एसला दोन-दोन मजले असतात, त्यांना उंचीतच जागा कमी. ३० जूनला मी ती फाइल बंद केली, नवी कोरी उघडली आणि फोल्डरला नाव दिलं 'दांडगा'. फॉन्टचं खरं नाव पुढे वेगळं ठरलं, ते इथे देत नाही. हे लिखाण त्याच्या जाहिरातीसाठी नाही.

एक सूचना इथेच, कारण पुढे ती महागात पडते. दुसऱ्याचा मुक्त फॉन्ट बदलून घ्यायचा असेल तर आधी परवाना वाचा. बहुतेक मुक्त फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात. २००७ साली आलेली त्याची १.१ ही आवृत्ती सध्या चालते. बदल करायला, वाटायला, कोशात किंवा पुस्तकात वापरायला पूर्ण मुभा. पण बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर तुमच्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. मी शेवटी कोऱ्या पानापासूनच काढला, त्यामुळे हा प्रश्न उरला नाही. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत मात्र मी यातलं काहीही न वाचता काम करत होते.

जुलै बघण्यात गेला. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या फाउंड्र्यांच्या, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यांच्या, नमुनापुस्तकांची स्कॅन आहेत; अमेरिकन टाइप फाउंडर्सची १९१२ आणि १९२३ ची जाडजूड पुस्तकं तर मी रात्र-रात्र चाळली. आणि एक गोष्ट कळली जी मला इतकी वर्षं पानं लावूनही माहीत नव्हती: रोमन लिपीच्या छपाईत पहिली तीन-साडेतीन शतकं आजच्या अर्थाने बोल्ड नव्हताच. एखादा शब्द उठून दिसायला हवा तर तिरपा टाइप, मोठी अक्षरं, नाहीतर लाल शाई किंवा जुना गॉथिक टाइप. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहिरातींसाठी अवाढव्य जाड टाइप आले, ज्यांना 'फॅट फेस' म्हणतात. भिंतीवर ओरडण्यासाठी ते उत्तम, पण परिच्छेदातल्या एका शब्दापुरते वापरावेत तर बाकी ओळ झाकोळून टाकतील असे. ओळीत साध्या टाइपाच्या शेजारी गुण्यागोविंदाने बसेल असा ठळक टाइप म्हणून 'क्लॅरेंडन' आला १८४५ मध्ये. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी तो काढला, पोलादी पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. शब्दकोशातल्या नोंदींसाठी आणि वेळापत्रकांसाठी तो चपखल होता. म्हणजे माझी अडचण पावणेदोनशे वर्षं जुनी निघाली. का कोण जाणे, त्याने बरं वाटलं.

बेस्लींनी क्लॅरेंडनची नोंदणीही केली होती, १८४२ च्या सुशोभित वस्तूंच्या आराखड्यांविषयीच्या कायद्याखाली. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. ती संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापले क्लॅरेंडन बाजारात आणले, इतके की ते एका टाइपाचं नाव न राहता जातीचं नाव झालं. कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी मला ही गोष्ट माहीत होती हे एका परीने बरंच.

क्लॅरेंडनची पावलं चौकोनी, ठोकळ्यासारखी असतात, पण दांड्याला वळणदार सांध्याने जोडलेली. १९२२ च्या कूपर ब्लॅकची पावलं लोण्याच्या गोळ्यासारखी गोल. ऑस्वाल्ड कूपर यांनी काढलेला तो टाइप तुम्ही नाव न जाणता शेकडो वेळा पाहिलेला असतो. मला दोन्ही नको होतं. कोशातली पानं जुन्या वळणाच्या सेरिफमध्ये होती, म्हणून ठळक अक्षरही त्याच घरातलं हवं होतं: पावलं टोकाला निमुळती, गोलाईचा भर किंचित कललेला, बारीक रेघ छपाईत तुटणार नाही इतपत भरीव.

ऑगस्टमध्ये काढायला बसले. पहिल्यांदा चारच अक्षरं करायची: स्मॉल एन, स्मॉल ओ, कॅपिटल एच, कॅपिटल ओ. एनमध्ये दांडा आणि कमान येते, ओमध्ये गोलाई, आणि बाकी निम्मी वर्णमाला यांच्याच पोटातून निघते. ही चार जोपर्यंत एकमेकांशेजारी शोभत नाहीत तोपर्यंत पाचवं काढायचं नाही, असा नियम एका जुन्या लेखात वाचला होता. मी तो मोडला, सव्वीसच्या सव्वीस अक्षरं उत्साहाने काढली आणि सप्टेंबरच्या मध्यात सगळी टाकून पुन्हा चारवर आले. दीड महिना गेला.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: अक्षराचा चौक हजार एककांचा धरला. स्मॉल अक्षरांचा दांडा १४८, कॅपिटलचा १६४, कारण कॅपिटल उंच असतात आणि तेवढ्याच जाडीत काटकुळी दिसतात. ओची गोलाई सर्वांत जाड जागी १५६, कारण गोल भाग आपल्या डोळ्याला नेहमी थोडा बारीक भासतो. एमला तीन दांडे, म्हणून त्याचे १४० वर उतरवले, नाहीतर ओळीत एम आला की तिथे डाग पडल्यासारखं दिसायचं. बारीक रेघ ४६. कमान दांड्याला मिळते तिथे ती बरीच कोरून काढावी लागते, अन्यथा कोपऱ्यात काळोख साचतो. यातला एकही आकडा मला आधी माहीत नव्हता आणि तुम्ही तो जसाच्या तसा घेऊ नका. छापायचं, भिंतीला लावायचं, पाच पावलं मागे जायचं, डोळे बारीक करायचे. जिथे डाग दिसेल तिथे दोन एककं कमी. कागद उलटा धरून पाहा. शब्द वाचता येईनासे झाले की आकार दिसायला लागतात.

देवनागरीवर वाढलेल्या डोळ्याचा एक घोटाळा सांगते. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबतात. खाली कुठवर येतात याला थोडी ढील असते. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात. मी नकळत सगळ्यांची डोकी एका रेषेत आणत होते आणि पाय बेफिकीर सोडत होते. शिवाय ओ बरोबर रेषेवर टेकवला तर तो एनपेक्षा बुटका दिसतो. त्याला वर आणि खाली थोडं बाहेर डोकवू द्यावं लागतं. माझ्या फॉन्टमध्ये बारा एककं. हे कळेपर्यंत माझा प्रत्येक शब्द असमान दात असल्यासारखा हसत होता.

एसने तीन आठवडे घेतले. दुसरं काही लिहीत नाही त्याच्याबद्दल.

रुपयाच्या चिन्हाबद्दल मात्र लिहायला हवं. २०१० मध्ये ठरलेल्या त्या चिन्हात दोन आडव्या रेघा आहेत आणि त्यांच्यामधली पांढरी पट्टी हाच त्याचा चेहरा. ठळक टाइपात ती पट्टी सगळ्यात आधी बुजते. रेघा बारीक करा, तर चिन्ह शेजारच्या आकड्यांपुढे मलूल. मी वरची रेघ थोडी जाड, दुसरी बारीक आणि पट्टी गरजेपेक्षा रुंद ठेवली. मोठ्या आकारात ते जरा कृत्रिम दिसतं, लहान आकारात वाचता येतं. दोन्ही साधलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा आकडा काढून झाला आणि मला वाटलं, संपलं. इथेच सगळे फसतात. अक्षरं काढणं हा फॉन्टचा एक भाग. अक्षरांमधली मोकळी जागा हा दुसरा, आणि मला तो जास्त जड गेला. खिळे जुळवण्याच्या दिवसांत ही जागा खिळ्याच्या धातूतच ओतलेली असायची, आज ती प्रत्येक अक्षराच्या डाव्या-उजव्या अंगाला आकड्यात भरायची. ठळक अक्षरांच्या पोटातली जागा कमी, म्हणून दोन अक्षरांमधलीही कमी लागते, हे ऐकायला सोपं आहे. पण किती? एच-एच-ओ-एच-ओ-ओ, एन-एन-ओ-एन-ओ-ओ अशा निरर्थक ओळी पानभर छापायच्या आणि कुठे गर्दी, कुठे भोक दिसतंय ते पेन्सिलने खुणावत बसायचं. पहिल्या खेपेला मी जागा फार कमी ठेवली होती. शीर्षक म्हणून ते झकास दिसलं. कोशातल्या साडेआठ पॉइंटवर आर आणि एन शेजारी आले की त्यांचा एम व्हायला लागला.

मोठ्या आकाराला घट्ट आणि लहान आकाराला सैल, दोन्ही एका फाइलमध्ये बसत नाही. मी कोशाच्या बाजूने कौल दिला. म्हणून हा फॉन्ट मुखपृष्ठावर वापरणाऱ्यांनी अक्षरांतली जागा दहा-पंधरा हजारांशांनी कमी करून घ्यावी, आणि सगळी कॅपिटल अक्षरं लावायची असतील तर उलट थोडी वाढवावी.

मग कर्निंग, म्हणजे ठरावीक जोड्यांचं वेगळं अंतर. ए आणि व्ही, टी आणि ओ, एफनंतर येणारं अवतरणचिन्ह. मी आधी चुकीचा रस्ता धरला आणि वाईट दिसणारी प्रत्येक जोडी कर्निंगने दुरुस्त करत सुटले. चारशे जोड्या झाल्यावर लक्षात आलं की त्यातल्या निम्म्यांत मूळ जागाच चुकलेली आहे. एका अक्षराच्या उजव्या अंगाला सहा एककं वाढवली की तीस जोड्या आपोआप सुटतात. जागेचं काम पक्कं झाल्याशिवाय कर्निंगला हात लावू नका.

नोव्हेंबरमध्ये अखेर त्या टिंबांपाशी आले, ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता. वरचं टिंब सोपं. खालचं टिंब दोन बाजूंनी पिचतं, वर अक्षर आणि खाली पुढच्या ओळीतल्या दीर्घ स्वराची रेघ. आयच्या डोक्यावरच्या टिंबाएवढं ते ठेवलं तर ओळीला लोलक लावल्यासारखं दिसतं. मी ते १३० वर आणलं आणि अक्षरापासून ६२ दूर ठेवलं. एनखाली टिंब मोजून मधोमध ठेवून चालत नाही, कमानीमुळे अक्षराचा तोल किंचित उजवीकडे असतो. 'ऋ'चं प्रकरण वेगळंच. कोश रोमन लिप्यंतराच्या २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकाप्रमाणे होता, आणि त्यात ऋ म्हणजे आर आणि त्याखाली छोटं वर्तुळ. टिंबवाल्या अक्षरांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतःचे क्रमांक आहेत; या जोडीला एकत्र क्रमांक नाही. म्हणजे चित्र काढून भागत नाही. आर आणि वर्तुळ या दोघांवर अदृश्य खुंट्या ठोकायच्या आणि एक खुंटी दुसरीत बसेल असा नियम फॉन्टमध्ये लिहायचा. मला त्या नियमाच्या सात ओळी लिहायला नऊ संध्याकाळी लागल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला कोशाचा मुद्रणपूर्व नमुना निघाला. पडद्यावर आणि माझ्या घरच्या प्रिंटरवर नीट असलेलं एसखालचं टिंब खऱ्या कागदावर शाई पसरून अक्षराला चिकटलं होतं. मी सहा महिने ज्यावर तणतणत होते, नेमका तोच दोष माझ्या अक्षरात. खालच्या टिंबांचं अंतर ६२ वरून ७८ केलं, पोटं आणखी कोरली, आवृत्ती ०.९ दिली. कोश जानेवारीत छापायला गेला. तुमचा फॉन्ट कशासाठीही असो, शेवटच्या यंत्रावर, शेवटच्या कागदावर एक पान तरी काढून पाहिल्याशिवाय आकडे पक्के करू नका.

आता कागदपत्रं. फॉन्ट सगळ्यांना मोफत मिळावा म्हणून एका खुल्या फॉन्टसंग्रहाकडे द्यायचा ठरवला. तिथे भरून द्यायच्या गोष्टी अशा निघाल्या: परवान्याची मजकूरफाइल, तिच्या पहिल्या ओळीत कॉपीराइटचं वाक्य, अगदी तेच वाक्य फॉन्टच्या आतल्या नावांच्या तक्त्यात, लेखकांची यादी, सहभाग्यांची यादी, बदलांची नोंदवही, आणि 'हे काम माझंच आहे' असा करार. करारातल्या एका कलमापाशी अडले: तुमच्या कामाचा मोबदला देणाऱ्या कुणाचाही यावर हक्क नाही ना? फॉन्ट मी माझ्या वेळेत केला होता, पण कोशाच्या निमित्ताने. प्रकाशकाकडून दोन ओळींचं ना-हरकत पत्र मागितलं. कुणाची हरकत नव्हती, तरी पत्र हातात यायला एकोणीस दिवस लागले. हे काम पहिल्याच महिन्यात करून टाका. तेव्हा कुणाला काही पडलेली नसते आणि सही लगेच मिळते.

आकारांच्या हक्काबद्दल लोक फार विचारतात. देशागणिक कायदा बदलतो. अमेरिकेत अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, फॉन्टच्या प्रोग्रॅमला मिळतो. म्हणून जुनं छापील पान समोर ठेवून स्वतः अक्षरं काढणं वेगळं आणि दुसऱ्याच्या फाइलमधून बिंदू उचलणं वेगळं. दुसरं करू नका, दिसून येतं.

नाव ठरवणं हा स्वतंत्र छळ. पहिलं नाव मला फार आवडलं होतं. फॉन्टच्या दुकानांत आणि ट्रेडमार्कच्या नोंदींत शोधल्यावर त्याच नावाचा फॉन्ट सापडला. दुसऱ्याचं तेच. तिसरं नाव बोलायला अवघड म्हणून मीच टाकलं. चौथं टिकलं. शोध फुकट होतो, रात्री दोन तास जातात एवढंच. ट्रेडमार्कच्या नोंदणीला फी असते, ती मी केली नाही. आणि फॉन्टकुटुंबाच्या, म्हणजे सगळ्या वजनांच्या मिळून एका, नावात 'बोल्ड' हा शब्द घालू नका, तो शैलीच्या रकान्यात जातो.

त्या रकान्यावरूनच सगळ्यात मजेशीर अडचण आली. माझ्या कुटुंबात एकच वजन, तेही ठळक. मग त्याची नोंद काय, ७०० वजनाचा बोल्ड की ४०० चा रेग्युलर? मी इमानदारीत ७०० लिहिलं. काही प्रोग्रॅम रेग्युलर नसलेलं कुटुंब यादीत धड दाखवत नाहीत, म्हणून एकट्या वजनाचे ठळक फॉन्ट बऱ्याचदा रेग्युलर म्हणून नोंदवले जातात. टाइपटुगेदर या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा अब्रिल फॅटफेस पाहा, चांगला पोटभर जाड, पण कागदोपत्री ४००. त्यात गोम अशी की कुणी अशा फॉन्टवर बोल्डचं बटण दाबलं की प्रोग्रॅमला ठळक फाइल सापडत नाही आणि तो आधीच जाड असलेल्या अक्षराला आणखी फुगवतो. मी ज्या खोट्या बोल्डपासून पळत होते तो असा मागच्या दाराने परत.

पाठवण्याआधी फाँटबेकरी नावाचं तपासणीचं साधन चालवायचं असतं. ते फॉन्ट वाचतं आणि चुकांची यादी काढतं. पहिल्या वेळी तेवीस 'नापास', एकेचाळीस 'इशारे'. मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही. नंतर शांतपणे पाहिलं तर तेवीसमधल्या सोळा तक्त्यांतल्या नोंदींच्या होत्या: परवान्याचा पत्ता नाही, न तुटणारी मोकळी जागा नाही, दस्तऐवजात फॉन्ट अंतर्भूत करायची परवानगी बंद राहिली आहे, असल्या. एकेक दोन मिनिटांची. खरी डोकेदुखी उभ्या मापांची. फॉन्टमध्ये उंचीचे तीन वेगवेगळे संच असतात, निरनिराळ्या प्रणाली निरनिराळा वाचतात. ते जुळले नाहीत तर एकीकडे ओळी लांब पडतात, दुसरीकडे अक्षराची डोकी कापली जातात. सगळ्यात उंच अक्षर (माझ्याकडे कॅपिटल आयवर दीर्घ रेघ) आणि सगळ्यात खोल अक्षर आधी शोधा, मापं त्यांच्यावरून ठरवा. मी ती आधी ठरवून बसले होते.

१४ फेब्रुवारीला सगळं पाठवलं. उत्तर आलं २१ मार्चला. मधल्या पस्तीस दिवसांत मी दिवसातून चार वेळा पानाची स्थिती बघत होते आणि ती चार वेळा तीच असायची. एकदा स्मरणपत्र लिहिलं, ते पाठवलं नाही. नंतर कळलं की तपासणारे थोडे, रांग लांब, आणि पस्तीस दिवस म्हणजे फार नव्हेत. उत्तरात अकरा मुद्दे होते. नऊ बरोबर. दहावा त्या ४००-७०० चा. मी रेग्युलर करायला तयार झाले आणि वापराच्या सूचनेत 'बोल्डचं बटण दाबू नका' असं एक वाक्य टाकलं, जे कुणी वाचणार नाही. अकराव्या मुद्द्यात कॅपिटल क्यूची शेपटी आखूड करा म्हटलं होतं. मी कारणासह नकार दिला, आणि तो मान्य झाला. नम्रपणे नाही म्हणता येतं, हे लक्षात असू द्या.

खर्चाचं विचाराल तर पैसे जवळजवळ कागद-शाईतच गेले, आणि एका भिंगात. वेळ वहीत लिहून ठेवला होता: अक्षरं काढणं १६० तास, जागा ९५, कर्निंग ४०, टिंबं-रेघा ६०, छपाईचे नमुने ५५, कागदपत्रं आणि तपासणी ७०. एकूण ४८०. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला दहा तासांच्या हिशोबाने अकरा महिने होतात ते असे.

२ मे रोजी फॉन्ट संग्रहात आला. कुठे वापरावा? शब्दकोश, सूची, तळटीपांचे क्रमांक, प्रकरणाचं नाव, परिच्छेदाचं पहिलं मोठं अक्षर, भिंतीवरचा कागद. काळ्यावर पांढरा वापराल तर अक्षर आणखी जाड भासतं, आकार थोडा वाढवा. सलग मजकुराला वापरू नका. अर्धं पान ठळक केलं की त्यात ठळक काहीच राहत नाही, नुसता डोळा दमतो. मोबाइलच्या पडद्यावर बारा पॉइंटच्या खाली ई आणि ए अजूनही गुदमरतात.

१९ मे रोजी पहिली तक्रार आली. लिहिणारी व्यक्ती पोलिश भाषेची होती, भाषा अतिशय सौम्य. म्हणणं असं की पोलिश ईच्या खाली जी शेपटी असते ती अक्षरातून उगवलेली असते, अक्षराची वळणदार रेघ पुढे लांबावी तशी. माझ्या फॉन्टमध्ये ती स्वल्पविरामासारखी वेगळी लटकते आहे, आणि त्यामुळे शब्द वाचताना ठेच लागते. सोबत त्यांनी हाताने काढलेली चार चित्रं जोडली होती.

मी फाइल उघडली. शेपटी खरंच लटकत होती. मी ती नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी, ळचं टिंब झाल्याच्या आनंदात, दहा मिनिटांत उरकली होती. ए आणि ईची शेपटी नव्याने काढली, त्यात चार दिवस गेले, चित्रं काढणाऱ्यांना दोनदा दाखवली, दुसऱ्यांदा त्यांनी 'आता वाचता येतं' असं लिहिलं. सहभाग्यांच्या यादीत, त्यांना विचारून, त्यांचं नाव घातलं. नोंदवहीत आवृत्ती १.००१ अशी ओळ लिहिली आणि पुन्हा फाँटबेकरी चालवली. एक नवा इशारा आला आहे, कॅपिटल आयच्या शेपटीचा. तो आज रात्री बघायचा आहे.